सेप्टिक टँकची परवानगी: आधी जमीन बघा, मग नकाशा काढा

"घराचा प्लॅन झालाय, आता एका कोपऱ्यात सेप्टिक टँक दाखवून द्या म्हणजे फाइल पुढे जाईल." माझ्याकडे येणारे बहुतेक जण हेच म्हणत येतात. गेली १९ वर्षं मी घरांच्या सांडपाण्याचे नकाशे काढते आणि परवानगीच्या फायली तयार करते. तरी हे वाक्य ऐकलं की आजही पोटात गोळा येतो, कारण टाकी कुठेही बसवता येते, पाणी मात्र कुठेही मुरत नाही.

टाकी अर्धंच काम करते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे जातं. ते दिसायला बरंच निवळ असतं, पण रोगजंतूंनी भरलेलं असतं. उरलेलं अर्धं काम माती करते. म्हणून परवानगी देणारा अधिकारी टाकीच्या मापावर नजर टाकतो आणि लगेच विचारतो, "पाणी मुरवणार कुठे?" त्याचं उत्तर नकाशात नसेल तर बाकीचे कागद कितीही नीटनेटके असोत, फाइल परत येते.

सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाचं काम माझ्याकडे फार उशिरा आलं. घर उभं राहिलं होतं, गाडीचा रस्ता झाला होता, फरशीही बसली होती. मातीची तपासणी केली तर अख्ख्या प्लॉटवर पाणी नीट मुरणारी एकच पट्टी निघाली, आणि ती नेमकी त्या फरशीखाली होती. फरशी उखडली, रस्ता दुसरीकडून काढला, आठ महिने गेले. त्या घरातल्या आजी रोज अंगणात खुर्ची टाकून ती तोडफोड बघत बसायच्या. तेव्हापासून घराची जागा ठरायच्या आधी जमीन बघितल्याशिवाय मी पेन्सिल हातात घेत नाही.

परवानगी नेमकी कुणाची?

हे ठिकाणाप्रमाणे बदलतं. कुठे बांधकाम परवानगीतच सेप्टिक टँक येतो, कुठे आरोग्य खात्याचा वेगळा परवाना लागतो, कुठे पर्यावरण खात्याचे नियम वेगळे आणि बांधकामाचे वेगळे. अमेरिकेत साधारणपणे काउंटीचा किंवा स्थानिक आरोग्य विभाग परवाना देतो. इंग्लंडमध्ये दिवसाला २ घनमीटरपर्यंत प्रक्रिया झालेलं पाणी जमिनीत सोडायचं असेल आणि ठरलेल्या सगळ्या अटी पाळल्या जात असतील, तर वेगळा पर्यावरण परवाना लागत नाही. बांधकाम नियमांची मंजुरी मात्र लागतेच. फ्रान्समध्ये अशा व्यवस्थांसाठी स्थानिक पातळीवर स्वतंत्र सेवा आहे. ती आधी आराखडा तपासते आणि नंतर झालेलं काम.

म्हणून पहिली फेरी मोकळ्या हातांनी मारा. कार्यालयात जाऊन पाच गोष्टी विचारून लिहून घ्या: अर्जाचा नमुना कोणता, मातीची तपासणी कोणी करायची (बऱ्याच ठिकाणी ती परवानाधारक माणसाकडूनच करावी लागते), तपासणीच्या वेळी त्यांचा माणूस हजर असावा लागतो का, नकाशा कोणत्या प्रमाणात हवा, आणि मंजुरी किती काळ टिकते. शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. मंजुरी मिळते, पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत मुदत उलटते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

जवळच सार्वजनिक ड्रेनेज लाइन आहे का, हेही त्याच फेरीत विचारा. असेल तर बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँकला परवानगीच मिळत नाही, लाइनला जोडावं लागतं.

दोन खड्डे

जमिनीची तपासणी म्हणजे दोन वेगवेगळे खड्डे, आणि दोन्हींचा नकाशावर क्रमांकासह उल्लेख लागतो.

पहिला खड्डा खोल असतो, दीड-दोन मीटरचा. तो माती बघण्यासाठी. उभ्या कापाच्या भिंती ढासळू शकतात, म्हणून इतक्या खोल खड्ड्यात आधाराशिवाय कधीच उतरू नका. एक बाजू पायऱ्यापायऱ्यांनी उतरती ठेवून घ्या. मग वरपासून खालपर्यंत थर मोजा: किती सेंटिमीटरवर रंग बदलला, कुठे मुरूम लागला, कुठे खडक.

प्रत्येक थरातली चिमूटभर माती ओली करून, मळून, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये दाबत पट्टीसारखी पुढे सरकवून बघा. अडीच सेंटिमीटरच्या आतच तुटली तर माती रेताड किंवा पोयट्याची. पाच सेंटिमीटरच्या पुढे न तुटता लोंबत राहिली तर चिकण माती, आणि मग पुढच्या आकड्यांची तयारी ठेवा. माझ्या वहीत प्रत्येक थरासमोर ती पट्टी किती लांब आली ते लिहिलेलं असतं.

मी मात्र सगळ्यात जास्त वेळ डाग शोधण्यात घालवते. खड्ड्याच्या भिंतीवर राखाडी मातीत गंजाच्या रंगाचे ठिपके दिसले की तिथवर पाणी चढतं असं समजा, खड्डा त्या दिवशी कोरडा ठणठणीत असला तरी. पाणी साचून राहिलं की मातीतली हवा संपते, लोह विरघळून निघून जातं आणि माती राखाडी पडते. पाणी उतरून हवा पुन्हा शिरते तिथे उरलेलं लोह गंजतं. भर उन्हाळ्यात खणलेल्या खड्ड्यातही जमीन स्वतःची पावसाळी पातळी अशी दाखवून देते. जमिनीपासून तो वरचा डाग किती खोल आहे, तो आकडा अख्ख्या फायलीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. त्याचा फोटो टेप लावून काढा.

दुसरा खड्डा लहान आणि तो पाणी मुरण्याचा वेग मोजण्यासाठी. ही पद्धत न्यूयॉर्क राज्यातल्या हेन्री रायन या अभियंत्याने १९२०च्या दशकात बसवली, आणि आज देशोदेशी तिचीच रूपं वापरात आहेत. इंग्लंडमधली रीत समजायला सोपी आहे. मुरवणाऱ्या पाइपाचा, म्हणजे खडी भरलेल्या लांब चरातून टाकीतलं पाणी जमिनीत सोडणाऱ्या पाइपाचा, तळ जिथे येणार त्या पातळीच्या खाली ३०० मिमी लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल चौकोनी खड्डा घ्यायचा. खणताना फावड्याने भिंती गुळगुळीत होतात. तसंच राहू दिलं तर पाणी शिरतच नाही, म्हणून खिळ्याने किंवा जुन्या करवतीच्या पात्याने भिंती खरवडून घ्यायच्या. खड्डा पाण्याने काठोकाठ भरायचा आणि ते रात्रभर मुरू द्यायचं.

ही रात्र कुणी टाळू नये. कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखं पिते. तो वेग खरा धरला तर प्रत्यक्षात लागतो त्याच्या निम्मासुद्धा चर मंजूर होत नाही, आणि दोन पावसाळ्यांत अंगणात घाण पाणी वर येतं. सकाळी खड्डा पुन्हा ३०० मिमीपर्यंत भरायचा. खुणा केलेली पट्टी उभी रोवायची आणि घड्याळ लावून बसायचं. पाणी २२५ वरून ७५ वर यायला किती सेकंद लागले ते लिहायचं. हे अंतर १५० मिमी, म्हणून सेकंदांना १५० ने भागलं की एक मिलिमीटर मुरायला लागणारा वेळ मिळतो. असे निदान दोन लहान खड्डे आणि प्रत्येकात तीन वेळा, मग सरासरी. मुसळधार पाऊस, कडक दुष्काळ किंवा गोठलेली जमीन असताना ही चाचणी करू नये.

उत्तर साधारण १५ ते १०० सेकंदांच्या मध्ये आलं तर जमीन चालते. १०० च्या वर गेलं तर पाणी तुंबणार. १५ च्या खाली आलं की लोक खूश होतात, आणि तिथेच मला सावध करावं लागतं: पाणी इतकं झपाट्याने खाली गेलं तर माती त्याला गाळणार कधी? ते तसंच भूजलात उतरतं. भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस २४७० च्या दुसऱ्या भागात हाच हिशेब मिनिटांत आहे. पाणी २५ मिमी उतरायला ३० मिनिटांपर्यंत वेळ लागला तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मिनिटं लागली तर लांब चर घ्यावे लागतात, आणि ६० च्या वर गेलं तर मुरवण्याचा नाद सोडून गाळणीची वेगळी व्यवस्था करावी लागते. भूजल जमिनीपासून १.८ मीटरच्या आत असेल तर तिथेही शोषखड्डा बाद होतो आणि चर वर उचलून, भरावात घ्यावे लागतात.

टाकीचं माप आणि चराची लांबी

टाकी किती मोठी हवी ते कशावरून ठरवायचं, यात नियमावल्यांचे दोन पंथ आहेत. काही घरातली माणसं मोजतात, काही बेडरूम मोजतात. चार माणसांच्या घरात चार बेडरूम दाखवल्यावर टाकी मोठी का मागतात, असं मला नेहमी विचारलं जातं. माणसं येतात-जातात, घर विकलं जातं, खोल्या मात्र तेवढ्याच राहतात, म्हणून. घराच्या नकाशात 'अभ्यासाची खोली' लिहून बेडरूम लपवू नका. तपासणारा माणूस ते बघताक्षणी ओळखतो, आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

इंग्लंडच्या नियमांत चार माणसांपर्यंत निदान २,७०० लिटर आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे १८० लिटर जास्त. म्हणजे सहा माणसांना ३,०६० लिटर. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तीन बेडरूमच्या घराला १,००० गॅलन, म्हणजे सुमारे ३,८०० लिटर. भारतीय मानकातली किमान क्षमता १,००० लिटर, किमान रुंदी ७५० मिमी आणि पाण्याची किमान खोली १ मीटर. तुमच्या कार्यालयाचा तक्ता कोणता ते विचारा आणि नकाशावर त्या तक्त्याचा उल्लेख करून हिशेब मांडा. नुसतं उत्तर लिहू नका.

चराचा हिशेब मी एकदा करून दाखवते, म्हणजे खड्ड्यातल्या सेकंदांचं जमिनीत काय होतं ते कळेल. समजा १५० मिमी उतरायला ४,५०० सेकंद लागले. एका मिलिमीटरला ३० सेकंद. इंग्लंडच्या सूत्राप्रमाणे माणसं गुणिले हा वेग गुणिले ०.२५ म्हणजे चराच्या तळाचं क्षेत्रफळ. पाच माणसांना ३७.५ चौरस मीटर. चर ६० सेंमी रुंद घेतला तर लांबी ६२.५ मीटर. एवढी एकच लांबलचक रेघ काढू नका. २१ मीटरच्या तीन रांगा करा, मध्ये निदान २ मीटर न खणलेली जमीन ठेवा. त्याच्या बाजूला तेवढीच जागा 'राखीव' म्हणून दाखवा. चराच्या तळाशी वर्षानुवर्षं काळा चिकट थर साचतो आणि कधीतरी तो चर थकतो. तेव्हा जायला जागा हवी. बऱ्याच ठिकाणी हे राखीव क्षेत्र सक्तीचं आहे. तुमच्याकडे नसलं तरी दाखवा.

साइट प्लॅन

या नकाशात तुमच्या हद्दीबाहेरचंही दाखवावं लागतं, आणि फायली इथेच अडकतात. माझ्या सुरुवातीच्या एका नकाशात सगळी अंतरं चोख होती, पण शेजारच्या प्लॉटवरची झुडपांत दडलेली जुनी विहीर मी दाखवली नव्हती. ती मला माहीतच नव्हती. प्लॅन मंजूर झाला असता तर चर तिच्यापासून ९ मीटरवर आला असता, आणि त्या विहिरीचं पाणी एक कुटुंब पीत होतं. तपासायला आलेल्या माणसाने कुंपणापाशी उभं राहून विचारलं, "ते काय आहे?" मी त्या प्रश्नाची आजही ऋणी आहे. आता मी प्रत्येक शेजाऱ्याच्या दारात जाऊन विचारते: विहीर, बोअर, जुना हौद, बुजवलेला खड्डा, काही आहे का? उत्तर 'नाही' असलं तरी ते तारखेसह लिहून ठेवते.

पिण्याच्या पाण्यापासूनचं अंतर प्रत्येक नियमावलीत वेगळं. भारतीय मानकात शोषखड्डा किंवा चर निदान १८ मीटर दूर, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत चरासाठी १०० फूट म्हणजे सुमारे ३० मीटर, इंग्लंडमध्ये भूजल उपसण्याच्या जागेपासून ५० मीटर. आकड्यांत एवढा फरक बघून लोक सगळ्यात लहान आकडा उचलतात. तुमच्या ठिकाणी लागू असेल तोच घ्या, आणि जागा असेल तर त्याहून जास्त सोडा. माती जंतूंना बऱ्यापैकी अडवते, नायट्रेटला मात्र फारसं अडवत नाही. ते पाण्याबरोबर पुढे जातं. शिवाय ओढे-नाल्यांपासून आणि इमारतींपासूनची अंतरं असतात. इंग्लंडमध्ये चर ओढ्यापासून १० मीटर आणि कुठल्याही इमारतीपासून १५ मीटर, टाकी राहत्या घरापासून ७ मीटर. हद्दीपासूनचं अंतर, मोठी झाडं, पाण्याची पाइपलाइन, उत्तर दिशा, उताराचा बाण, दोन्ही खड्ड्यांच्या जागा हे सगळं त्याच कागदावर हवं. छपराचं आणि अंगणाचं पावसाचं पाणी वेगळ्या रंगात, वेगळ्या वाटेने दाखवा. ते चुकूनही टाकीत जाता कामा नये, कारण एका जोरदार सरीत ते तळाचा गाळ ढवळून चरात ढकलतं.

मैला उपसणाऱ्या टँकरची जागाही दाखवा. तो टाकीपासून ३० मीटरच्या आत उभा राहू शकला पाहिजे, आणि नळी घरातून न्यावी लागता कामा नये.

लेव्हल

नकाशा वरून कितीही देखणा असला तरी पाणी उतारानेच जातं. म्हणून दुसरा कागद म्हणजे उभा छेद, घराच्या पाइपापासून शेवटच्या चरापर्यंत. दाराच्या उंबऱ्याची पातळी १००.०० मीटर धरा. घराबाहेर पडणाऱ्या पाइपाचा तळ समजा ९९.४०. टाकी १२ मीटरवर, उतार साठात एक, म्हणजे २० सेंमी खाली: टाकीत शिरताना ९९.२०. बाहेर पडणारा पाइप ५ सेंमी खाली: ९९.१५. वाटप चेंबर, म्हणजे जिथून पाणी सगळ्या चरांत वाटलं जातं ती पेटी, ८ मीटरवर, शंभरात एक उताराने ९९.०७. चराची सुरुवात ९९.०४. चरातला पाइप जवळजवळ सपाट, दोनशेत एक, २१ मीटरच्या टोकाला ९८.९३. त्याखाली ३० सेंमी खडी: चराचा तळ ९८.६३.

आता त्या गंजाच्या डागाकडे परत या. तो ९७.६० वर असेल तर मध्ये १ मीटरहून जास्त कोरडी माती मिळते. अनेक नियमावल्या ६० सेंमी ते १.२ मीटर मागतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी हे चालेल. तोच डाग ९८.२० वर असता तर उरले फक्त ४३ सेंमी, आणि मग चर भरावात उचलावे लागतील, पंप लागेल, अख्खा आराखडा बदलेल. हे कागदावर कळलं तर दोन दिवसांचं काम वाढतं. टाकी गाडल्यावर कळलं तर घरातलं वातावरण कसं होतं ते मी पाहिलंय.

भूजल वर असेल तर प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी रिकामी असताना बोटीसारखी वर उचलली जाते. तिला काँक्रीटमध्ये कशी जखडणार ते छेदात दाखवा.

टाकीच्या तपशिलाचा कागद बहुधा उत्पादकाकडून मिळतो. त्यात आत आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांचे टी (इंग्रजी 'T' अक्षराच्या आकाराचे जोड), वायू निघायचा पाइप आणि झाकणं दाखवलेली आहेत ना, एवढं पाहा. माझा आग्रह असतो तो झाकणांचा: प्रत्येक कप्प्याला जमिनीच्या पातळीपर्यंत आणलेलं, मुलांना उचलता येणार नाही असं झाकण हवं. टाकीतला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. वरूनच बघता आणि उपसता येईल अशी टाकी नकाशात काढली तर आत उतरायची वेळच कुणावर येत नाही.

मंजुरीनंतर

शिक्का मिळाला की त्याच दिवशी चराची आणि राखीव जागा दोरी लावून बंद करा. वाळूचा ट्रक, विटांचा ढीग, मिक्सर, काहीही तिथे नको. चाकांखाली दबलेली माती पुन्हा तपासली तर ती तुमच्या अहवालातली माती राहिलेली नसते. जमीन ओली असताना चर खणू नका, खणण्याच्या यंत्राच्या बादलीने भिंती लिंपल्यासारख्या होतात.

तपासणीसाठी आधी कळवा आणि माणूस येऊन जाईपर्यंत काहीही बुजवू नका. टाकी पाण्याने भरून, पातळीवर खूण करून, एक दिवस ठेवा. गळत असेल तर तेव्हाच दिसेल. ठेकेदाराने जागेवर काही बदललं असेल, पाइप मीटरभर सरकवला असेल, तर बुजवण्याआधी ते कार्यालयाला लेखी कळवा.

आणि उघड्या चराशेजारी उभं राहून शेवटचा नकाशा काढा, झालेल्या कामाचा. घराचे दोन पक्के कोपरे धरा आणि प्रत्येक झाकणाचं, वाटप चेंबरचं, चराच्या प्रत्येक टोकाचं दोन्ही कोपऱ्यांपासूनचं अंतर टेपने मोजून लिहा. दोन अंतरं असली की गवत वाढल्यावरही जागा सापडते. एक प्रत कार्यालयाला, एक घराच्या कागदपत्रांत, आणि एक प्लास्टिकमध्ये घालून मीटरच्या पेटीत आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. टाकी उपसायला येणारा माणूस पहिल्यांदा तिथेच बघतो.